मायच्या हातातलं शहाळं

"हा पोरगा स्वतःच्या आईची लुगडी धुतो," निवेदक माइकवर म्हणाला, आणि मांडव हसला. दहा हजार माणूस हसलं. बरं, तीनशे असेल. पण स्टेजवर मी उभा होतो आणि खाली माझ्या वर्गातल्या पोरी बसल्या होत्या, तेव्हा मोजणी माझीच धरा. मागून एकजण म्हणाला, "मंग साडी नेसून काऊन नाही आला बे?" पुन्हा हशा. निवेदकही हसला. मग गळा भरून आल्यासारखं करून म्हणाला, "आजच्या युगातला श्रावणबाळ." टाळ्या.

शेजारी खुर्चीवर माझी माय. पाय सुजून भोपळे झालेले. श्वास असा घरघरत होता की कापूस पिंजणारं जिनिंगचं मशीन बरं.

आम्ही उंद्रीचे. माय लोकांच्या बीटीच्या वावरात कापूस वेचायची. तिचा हात असा, की एक बोंड वेचायच्या आत दुसरं भीतीनं आपोआप फुटायचं. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली बाप काम शोधायला सुरतेला गेला. अजून शोधूनच राह्यला. पुढच्या साली मायच्या किडन्या गेल्या. तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार बुलडाण्याला डायलिसिसच्या मशीनवर, चार-चार तास. दिवसाला दोन ग्लास पाणी, तेही मी मापून देतो. मी एकोणीस वर्षांचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तिचं अंग पुसतो, लुगडी हापशीवर धुतो, बिनमिठाची भाजी करतो. ती भाजी खाऊन आमच्या कुत्र्यानं घर बदललं.

आठवड्यातले दोन दिवस बुडाले की हजेरी कुठून भरणार? परीक्षेच्या यादीतून नाव गेलं. दवाखान्याचे वर्षभराचे कागद घेऊन प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी ते पेनाच्या टोकानं बाजूला सारले. बोट लावलं नाही.

"तुमच्या लोकांना सवलतीची सवयच लागली आहे. घरात दुसरं कोणी नाही का?"

"नाही, सर."

"मग शिकतोस कशाला?"

मी हसलो. अपमान झाला की हसायचं, हे आमच्या घरात पाळण्यातच शिकवतात.

माझं हसणं पाहूनच बहुतेक त्यांना सुचलं. संस्थेचे दादासाहेब, म्हणजे बीटी बियाण्याचं दुकान त्यांचं, जिनिंग त्यांची, कॉलेज त्यांचं, आणि सूर्यही त्यांना विचारूनच उगवत असावा, यांचा वाढदिवस शुक्रवारी होता. मातृभक्त विद्यार्थ्याचा सत्कार. "आईला दहा वाजता घेऊन ये. अकराला आपली गाडी तुम्हाला बुलडाण्याला सोडेल. हॉल तिकीट दादासाहेब स्टेजवरच देतील."

मी हो म्हणालो. ही चूक माझी.

दादासाहेब एक वाजता आले. मायचा मशीनवरचा नंबर बारा वाजताचा होता. मी दोनदा उठलो. दोनदा सरांनी खांदा दाबून बसवलं. मायही म्हणाली, "थांब बापू, तुह्या परीक्षेचं काम व्हते ना."

शाल झाली. नारळ झाला. मग दादासाहेब म्हणाले, आजारी माणसाला कोरडं पाठवू नये. आमच्याकडे रोग्याला भेटायला जाताना शहाळं नेतात, ही रीतच आहे. त्यांनी शहाळं मागवलं, मायच्या हातात दिलं, नळी तिच्या ओठांना लावली, आणि फोटोवाल्याकडे पाहिलं.

किडनी गेलेल्या माणसाला शहाळं म्हणजे विष. दवाखान्यातल्या सिस्टरनं पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं: त्यातलं पोटॅशियम अंगात साठतं आणि काळीज बंद पडतं. हे मी फुगवून सांगत नाही.

"दादासाहेब, तिले हे चालत नाही."

"अरे, अमृत आहे. पिऊ दे."

"काळीज बंद पडते तिचं."

प्राचार्य माझ्या कानाशी आले. "एक घोट. फोटोपुरता. हॉल तिकीट माझ्या खिशात आहे."

मायनं माझ्याकडे पाहिलं. ओठ फाटलेले. "एकच घोट, बापू." तिला ते हवं होतं. दोन्ही हातांनी तिनं ते छातीशी धरलं होतं.

दादासाहेबांच्या आजोबांच्या विहिरीवर माझ्या आजोबाला ओंजळ करून बसावं लागे, वरून पाणी ओततील तेव्हा. आज हे स्वतःच्या हातानं पाजत होते. तेव्हा मर्जी त्यांची, आजही मर्जी त्यांची.

मी शहाळं हिसकलं. मायच्या हातातून. ती लेकरासारखी रडली. पाणी दादासाहेबांच्या पांढऱ्या कपड्यांवर सांडलं. खालून कोणी म्हणालं, "माजलं." मी शाल खुर्चीवर ठेवली, माइक ओढला. "मले शाल नको. मायले मशीनवर नेतो त्या दोन दिवसांची हजेरी पाह्यजे." तेवढ्यात माइक बंद झाला.

गाडी मिळाली नाही. मायला पाठीवर घेऊन रस्त्यावर आलो. गावातले कालीपिलीवाले सलीमचाचा दिसले. त्यांनी बसलेली गिऱ्हाइकं उतरवली. "बैठ बेटा," एवढंच बोलले.

मशीन दुसऱ्याला दिलेलं होतं. सिस्टर मला खूप बोलली, मग साडेचारला मायला लावलं. नळ्यांतून रक्त फिरायला लागलं तेव्हा माय छताकडे पाहत म्हणाली, "पिऊ द्याले पाह्यजे होतं. मी सुटली असती. तूही सुटला असता."

मी तिचे फाटलेले ओठ ओल्या फडक्यानं पुसले.

वर्षभर त्या वॉर्डात बसत होतो. सोबत बसणाऱ्यांना कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. सुलतानपूरची एक पोरगी, बापासाठी नर्सिंग सोडून आमच्या कॉलेजात नाव घातलेली. आणखी तिघं, सगळे माझ्याच वयाचे, आमच्याच कॉलेजच्या दुसऱ्या वर्गांतले, सगळ्यांची हजेरी कमी. मी सत्काराचं सांगितलं तशी ती पोरगी म्हणाली, "पोरीनं बापाचं केलं तर त्याले कोणी सत्कार म्हणते काय? त्याले काम म्हणतात."

माझं ते वर्ष गेलं. यंदा आम्ही पाच जणांनी एकच अर्ज लिहिला आहे. सोमवारी तिघं प्राचार्यांच्या दारात बसणार, दोघं पाचही रोग्यांपाशी राहणार, रोज पाळी बदलणार. दवाखान्याच्या दिवसांची हजेरी लागेपर्यंत दार सोडणार नाही. परीक्षा मी याच कॉलेजात देणार आहे. आणि मंगळवार-शुक्रवार मी मायजवळच असणार आहे.