वेगळा पेला

इस्रायलमधल्या बेर्शेबा शहरातल्या बेने इस्रायल बायकांत एक गोष्ट ठरून गेलेली होती. मलिदा कुणाकडेही असो, लग्नाचा असो, लष्करातून सुटून आलेल्या मुलाचा असो की दुखण्यातून उठलेल्या म्हाताऱ्याचा, पोहे कालवायला सुझॅन नवगावकरलाच बोलवायचं. पोहे भिजवून निथळायचे, साखर नि ओलं खोबरं घालून हलक्या हातानं चोळायचे, वर वेलची, बदाम. यात काय मोठंसं, असं कुणीही म्हणेल. पण दुसऱ्या कुणी केला की एक तर लगदा व्हायचा, नाहीतर पोहे घशाला टोचायचे. सुझॅनचा मलिदा मोकळा पडायचा आणि जिभेवर विरायचा. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं वाटायच्या ताटाला तिचा हात लागलाच पाहिजे, अशी बायकांची समजूतच होती.

१९९६ साली तिनं ते एकाएकी सोडलं. हात दुखतात म्हणाली.

पहिल्या वेळी बायकांनी ते चालवून घेतलं. दुसऱ्या वेळी पलीकडच्या इमारतीतली रूबी, जी तिच्याबरोबर एकाच विमानानं मुंबईहून आली होती, सगळ्यांदेखत म्हणाली, "सुझॅनबाय, हातांचा इन्शुरन्स काढलास की काय?"

"सांधे धरतात गो."

"सांधे धरतात? मग बाजारातून दोन-दोन पिशव्या आणतेस त्या काय दातांत धरून?"

बायका हसल्या. सुझॅनही हसली आणि खोलीच्या कडेच्या खुर्चीवर जाऊन बसली. पुढे तीच तिची जागा झाली. शुक्रवारी प्रार्थना संपल्यावर मनुकांच्या सरबताचा पेला हातोहात फिरायचा, सगळे त्याच पेल्यातून घोट घ्यायचे. सुझॅन पर्समधून स्वतःचा पेला काढून आधीच ओतून घ्यायला लागली. मुलगी तेल अविवला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागल्यावर बायकांना कारणही सापडलं. आता ही मोठी मडम झाली, आपलं उष्टं हिला कसं चालेल? हे तिच्या कानावर आलं. तिनं खोडून काढलं नाही. शिष्ट म्हणवून घेणं परवडलं, पण खरं कारण कुणाला कळायला नको होतं.

खरं कारण असं होतं. त्या साली बाजाराच्या चौकात रक्तदानाची गाडी उभी होती. दोन वर्षांपूर्वी नवरा बेझालेल गेला तेव्हा त्याला लोकांचंच रक्त चढवलं होतं, ते फेडावं म्हणून सुझॅननं बाही वर केली. काही आठवड्यांनी दवाखान्यातून बोलावणं आलं. नर्सनं तिला समोर बसवून शांतपणे सांगितलं, की तिच्या रक्तात हेपटायटिस बी नावाच्या काविळीचा विषाणू आहे. बहुतेक लहानपणापासूनच असेल. तो लिव्हरमध्ये दबून बसलेला आहे. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, बाकी घाबरायचं कारण नाही. एका ताटात जेवल्यानं, एका पेल्यातून प्यायल्यानं तो पसरत नाही. रक्तातून पसरतो, नवरा-बायकोत पसरतो आणि जन्मताना आईकडून मुलाला लागतो. "मुलं असतील तर त्यांना तपासायला घेऊन ये."

सुझॅन "हो, हो" म्हणत राहिली. तिला सगळं समजलं होतं; पटलं मात्र काहीच नव्हतं. ती सात-आठ वर्षांची असताना रेवदंड्याजवळच्या घरी तिची आई अशीच पिवळी पडून, पोट फुगून गेली होती. तिचं ताट, तिचा तांब्या मागच्या पडवीत वेगळा ठेवलेला असायचा. सुझॅनला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. आई तिथून हात हलवायची आणि ही इथून. हे ज्यानं पाहिलंय त्याला पेल्यातून काही होत नाही असं कितीही गोड सांगा, त्याचा हात पुढे होत नाही.

आणि ओस्नात? एकुलती एक, लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर झालेली लेक. ती तेव्हा इथल्या सगळ्या मुलींसारखी सक्तीच्या लष्करी सेवेत होती. तिथे आजार एकदा नावावर चढला की पुसला जाणार नाही, म्हणून सुझॅननं ती सुटून येईपर्यंत थांबायचं ठरवलं. सुटून आली तर नोकरी शोधायची होती. नोकरी लागली तर सागी भेटला, त्याच्या घरचे मोरोक्कोकडचे, ओळख नवीन. लग्न तर होऊ दे. लग्न झाल्यावर सांगायचं तर आधी का नाही सांगितलं हा प्रश्न आला. असं करत जे एका वाक्यात सांगून झालं असतं ते दर वर्षी जड होत गेलं.

लहानपणापासून ओस्नात आईच्या ताटातलं उचलून खायची. आता शनिवारी शब्बातला घरी आली आणि तिनं हात पुढे केला की सुझॅन ताट मागे ओढायची. "इमा, तू इंग्लिश लेडी झालीस," असं ती आधी हसून म्हणायची. नंतर म्हणेनाशी झाली. मग हात पुढे करायचीही थांबली. ती निघाली की आई तिला खांद्यावर थोपटायची, गालाला गाल लावायची नाही. दार लागलं की सुझॅन सगळी भांडी उकळत्या पाण्यात घालायची आणि टीव्ही लावायची. एवढ्या मोठ्या घरात माणसाचा आवाज म्हणून तेवढाच.

२००३च्या थंडीत जिना चढताना तिच्या छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं व्हायला लागलं. दवाखान्यात आता नवी डॉक्टर होती, सगळे तिला नुसतं पाझित म्हणत. तिनं तपासण्या करवल्या आणि सांगितलं, की हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. रक्त पातळ राहायची गोळी, प्रेशरची गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी दिली. लिव्हरची नोंद तिनं पाहिली होती; रक्त तपासत राहू, असंही ती म्हणाली. पण "हृदय" म्हटल्यावर सुझॅनच्या कानात नुसता घूं आवाज होत होता, त्यात ते वाक्य विरून गेलं. घरी येऊन तिनं कोलेस्टेरॉलच्या गोळीचं माहितीपत्रक चष्मा लावून वाचलं. मुंबईच्या शाळेतलं इंग्रजी ती विसरली नव्हती. लिव्हरचा आजार असलेल्यांनी जपावं, असं एक वाक्य त्यात होतं.

तिनं ती गोळी त्याच दिवशी बंद केली. एक दुखणं बरं करायला जाऊन दुसरं चेतवायचं नाही, असा तिचा सरळ हिशेब होता. उलट तिनं कोकणातलं काविळीचं पथ्य सुरू केलं. तेल बंद, हळद बंद, मासे बंद. चुरमुरे, फुटाणे, आणि अंगात जोर राहावा म्हणून दिवसभर साखरेचं पाणी. तिला कावीळ झालेलीच नव्हती, पण हे तिला सांगणार कोण? विचारायला माणूस हवा, आणि माणसं तिनंच लांब ठेवली होती.

उन्हाळ्यात ओस्नातचा फोन आला. सातवा लागला होता. ती हिब्रूत भराभरा बोलत होती, आई मराठीत उत्तरं देत होती, नेहमीसारखं.

"इमा, मला मलिदा करायचाय. बाळ यायच्या आधी. सागीच्या घरच्यांनी कधी पाहिलेला नाही."

"करूया की. रूबीला सांगते, ती हल्ली बरा करते."

"रूबी नाही. तू. तुझ्या हातचा."

"माझे हात..."

"मला माहीत आहे तुझे हात दुखतात," ओस्नात म्हणाली. "माझ्यासाठी एकदा दुखू देत."

सुझॅननं फोन ठेवला. मलिद्याचं काय, नाही म्हणता आलं असतं. पण नर्सचं ते शेवटचं वाक्य आता वर आलं होतं: जन्मताना आईकडून मुलाला. इथे बाळंतपणाआधी दुनियाभरच्या तपासण्या करतात, त्यांत हीही करतच असतील, अशी तिनं आजवर स्वतःची समजूत घातली होती. ती समजूत आता टिकेना. दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना पाटा पुन्हा छातीवर बसला आणि या वेळी जबड्यापर्यंत कळ गेली. ती एका बाकावर टेकली. कळ ओसरल्यावर घरी न जाता तशीच दवाखान्यात गेली.

पाझितनं मशीन लावून पाहिलं, मग रक्ताचे आकडे पाहिले. "कोलेस्टेरॉल तर वाढलंय. गोळी घेतेस ना?"

"नाही."

"का?"

"लिव्हर."

पाझितनं पेन खाली ठेवलं. "तुझं लिव्हर वर्षानुवर्षं शांत आहे, सुझॅन. ही गोळी तू घेऊ शकतेस, मी रक्त तपासत राहीन. आत्ता जीवावर उठलंय ते हृदय. आणि खातेस काय?"

सुझॅननं पथ्य सांगितलं. साखरेच्या पाण्यावर डॉक्टरीण थोडं हसली, मग एकदम थांबली. "तुला मुलगी आहे ना? तिची तपासणी झाली होती?"

"तिला दिवस आहेत," सुझॅन म्हणाली. "तिची तपासणी होईलच ना इथे?"

"नेहमीच्या तपासण्यांत ही असेलच असं नाही. कुणी सांगितलं तर करतील. तिला असेल तर बाळाला जन्मल्याबरोबर, काही तासांच्या आत दोन इंजेक्शनं द्यावी लागतात. दिली तर बाळ बहुतेक वाचतं यातून. उशीर झाला तर ते जन्मभर त्याच्याबरोबर राहू शकतं. मी तुझ्या मुलीला फोन करू शकत नाही. ते तुलाच सांगायला हवं."

सुझॅन सकाळच्या बसनं तेल अविवला गेली. सागी कामावर गेला होता. ओस्नात सुजलेले पाय खुर्चीवर ठेवून बसली होती. आईच्या हातात पिशवी नाही हे तिनं पाहिलं. "पोहे नाही आणलेस?"

"नाही. आधी ऐक."

या गोष्टीसाठी सुझॅनकडे हिब्रू नव्हतं. तिनं मराठीतच सांगितलं, पडवीतल्या आईपासून पाझितपर्यंत, एका दमात. ओस्नातनं हिब्रूत विचारलं, "मी लष्करात होते तेव्हापासून तुला माहीत आहे?"

"हो."

"सागीलाही होऊ शकतो?"

"त्यालाही तपासायला लागेल."

"म्हणून तू ताट ओढून घ्यायचीस?"

"तुला लागू नये म्हणून, बाय."

"मला लागला असेल तर तो जन्मतानाच लागला, इमा. ताटातून नाही." तिचा आवाज वर चढला नव्हता. "मला वाटायचं, मी घर सोडून गेले म्हणून तुला माझा कंटाळा आला. इतकी वर्षं मला तसंच वाटत होतं."

सुझॅननं हात पुढे केला, पण तो टेबलाच्या मध्यावरच राहिला. ओस्नात उठली, तिनं आपल्या दवाखान्याला फोन लावला आणि स्पष्ट आवाजात सगळं सांगितलं, जसं कंपनीत एखादा बिघाड सांगतात तसं. फोन ठेवून ती म्हणाली, "आता तू जा. आत्ता मला तुझ्याशी बोलता येणार नाही."

परतीच्या बसमध्ये सुझॅन खिडकीपाशी बसली. सुटल्यासारखं वाटेल अशी तिची कल्पना होती. तसं काही वाटलं नाही.

पुढचं सगळं तिला सागीकडून कळलं. तो सभ्य मुलगा होता, मोजकं बोलायचा. ओस्नातच्या रक्तात विषाणू निघाला. त्याच्या रक्तात नाही, त्यानं लस टोचून घेतली. मुलगी झाली, नाव कोरल. दोन्ही इंजेक्शनं बाळंतपणाच्या खोलीतच दिली. आणखी डोस आहेत, ते झाल्यावर वर्षभरानं बाळाचं रक्त तपासतील, तेव्हा पक्कं कळेल. "ओस्नात बरी आहे," तो म्हणायचा. "तिला थोडा वेळ दे." एकदा फोनवर तिनंही त्याला बंद केलेल्या गोळीचं सांगून टाकलं. मलिद्याचं नाव कुणी काढलं नाही. नातीचा फोटो मात्र पोस्टानं आला, आणि तो बघायला एका संध्याकाळी रूबी येऊन बसली. सुझॅननं तिला सगळं सांगून टाकलं. रूबीनं फोटो अलगद टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "आणि मी तुला मडम म्हणत होते. चहा टाक." चहा तिनं सुझॅनच्याच पेल्यातून प्यायला, मुद्दाम आवाज करून.

कोरल महिन्याची झाली असेल, तेव्हा फोन वाजला. ओस्नात होती.

"सागी म्हणाला, तू हृदयाची गोळी बंद केली होतीस."

"होय. आता परत चालू केलीय."

"आजची घेतलीस?"

"घेतली."

"बरं." फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा आला. गोळी घेतलीस, घेतली, बरं. तिसऱ्या दिवशीही तेच. बाळ कसं आहे, असं सुझॅन विचारायला जायची तोवर तिकडून आवाज गेलेला असायचा. फोन ठेवला की घर आधीपेक्षा रिकामं वाटायचं.

मग सुझॅननं एक केलं. कोलेस्टेरॉलची गोळी ती फोन येईपर्यंत घेईना. फोनशेजारी बशीत काढून ठेवायची, बाजूला पाण्याचा ग्लास, आणि वाट बघत बसायची.

"गोळी घेतलीस?"

"अजून नाही. थांब, आत्ता घेते."

पलीकडे ओस्नात थांबायची. सुझॅन गोळी जिभेवर ठेवायची आणि पाणी घोटाघोटानं प्यायची, कान फोनला लावून. तिकडे कोरल कुरकुरायची, भांड्याचा आवाज यायचा, ओस्नात बाळाला काहीतरी पुटपुटायची. पाणी संपलं तरी सुझॅन जरा वेळ तशीच राहायची.

"घेतलीस का, इमा?"

"घेतेय," ती म्हणायची. "घेतेय अजून."