कडूबाईचं उत्तर

कडूबाई भिंगारदिवे वाटेनं येताना दिसली की समोरचं माणूस आपोआप बाजूला व्हायचं. उंच, काटक बाई. मान अशी ताठ, की डोक्यावर खडीची पाटी असली तरी ती मिरवायलाच घेतल्यासारखी वाटावी. तिच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईबापांनी हिचं नाव कडू ठेवलं. कडू पोर मरणही तोंडात घेणार नाही, असा त्यांचा भाबडा विश्वास. लग्न होऊन ती मुळा नदीकाठच्या करंजदऱ्याला, तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आली, तेव्हा मिशनच्या मडमेनं तिला चांगलंसं दुसरं नाव सुचवलं. सासरची माणसं माना डोलवायला लागली होती. तेवढ्यात नवी नवरी पदराआडून म्हणाली, "नाव ऱ्हाऊ द्या. मी गोड हाय का कडू, ते घरच्यांना चाखून बघू द्या." मडमसुद्धा हसली, आणि नाव राहिलं.

या बाईचा गळा मात्र देवाघरचा होता. वस्तीतल्या भजनी मंडळात पेटी होती, तबला होता, पण कडूबाईनं सूर लावला की दोन्ही मागं पडायची. वस्तीच्या ख्रिस्ती देवळात कीर्तन असलं की मराठ्यांच्या आळीतली माणसंही येऊन भिंतीबाहेर बसायची. त्यांना येशूचं किती कळायचं कोण जाणे, पण कडूबाईचं ऐकल्याशिवाय उठायची नाहीत.

नवरा शांतवन विहिरी खोदायचा. कामावर पायाला पहार लागली, ते त्यानं अंगावर काढलं, आणि धनुर्वातानं गेला. नदीच्या वरच्या अंगाला ख्रिस्ती लोकांची मसणवट होती, तिथं एका करंजाखाली त्याला पुरलं. लेक शिलास तेव्हा चड्डीत वावरत होता. कडूबाईनं दुसऱ्यांच्या रानात खुरपून त्याला वाढवलं, शिकवलं. मिसरूड फुटल्यावर पोरगा नगरला गेला आणि पलटणीत भरती होऊन आला. रजेवर आला की आई त्याला वर्दी घालायला लावून अख्ख्या गावातून पाणी भरायला न्यायची. "आये, हंडा घेऊन वर्दीत कुनी जातं का?" तो कुरकुरायचा. "आमच्यात जात्यात," ती म्हणायची.

मग मुळेवर धरण झालं. करंजदरं पाण्याखाली जाणार म्हणून गाव उठलं आणि वर माळावर नवं गावठाण बसलं. मराठ्यांनी मारुती हलवला, ख्रिस्ती लोकांनी देवळाची घंटा हलवली. काहींनी मसणवट उकरून आपल्या माणसांची हाडंही वर आणली. कडूबाईचा धाकटा दीर आसाराम कुदळ घेऊन दारात उभा राहिला.

"वैनी, दादाला असं बुडू द्यायचं का?"

"भावजी, तुमचे दादा काय मातीत हायेत व्हय? ते प्रभूकडं हायेत. निजलेल्या मानसाची झोप कशाला मोडायची?"

तिनं हे इतक्या सहज म्हटलं, की आसाराम कुदळ तशीच खांद्यावर टाकून परत गेला. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारच्या उपदेशात कडूबाईचे हे शब्द सांगितले. ती पुढच्या ओळीत बसून ऐकत होती, आणि खरं सांगायचं तर तिची मान आणखी थोडी ताठ झाली होती.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली आणि तार आली. तार पाळकसाहेबांनी वाचून दाखवली. शिलास सरहद्दीवर पडला होता. त्याचा देह यायचा नव्हता; अंत्यविधी तिकडेच उरकला होता. दारात सगळी वस्ती जमली होती. बायकांनी गळा काढला, पण कडूबाई उभीच होती. तिनं तार पुन्हा वाचायला लावली आणि विचारलं, "पाठ दाखवून तर न्हाई ना गेलं माझं पोर?"

"नाही, कडूबाई. पुढं होऊन लढताना गेला."

"मग ठीक हाय," ती म्हणाली. आत जाऊन पांढरं लुगडं नेसली आणि कुणाचा हात न धरता देवळाकडं चालू लागली. पुढं तालुक्याच्या गावी मोठ्या साहेबांनी तिला खुर्चीवर बसवून शाल दिली, तेव्हाही तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. "लेक माझा हुता, दिला देशाला," एवढंच बोलली. टाळ्या वाजल्या. करंजदऱ्याची माणसं छाती फुगवून तिच्या मागं मागं गावी परतली.

पण त्या दिवसापासून कडूबाईचं गाणं बंद झालं.

ती देवळात यायची, टाळ हातात घ्यायची, तो वाजवायचीही. ओठ मात्र मिटलेले. देवाला तिनं सोडलं नव्हतं. त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. शांतवनच्या वेळी तोंडातून सहज निघालेलं ते वाक्य आता तिलाच टोचायचं. तेव्हा उकरलं असतं, तर निदान त्याची तरी मूठभर माती नव्या मसणवटीत असती. एक माणूस पाण्याखाली, दुसरं कुठल्या मुलखात, ते नकाशावर बोट ठेवूनही तिला सांगता येत नव्हतं. ईस्टरच्या पहाटे वस्तीच्या रिवाजाप्रमाणे सगळे मसणवटीत जमले. जो तो आपापल्या माणसाच्या कबरीपाशी मेणबत्ती घेऊन उभा राहिला. कडूबाईला उभं राहायला जागाच नव्हती. ती फाटकाजवळ थोडा वेळ थांबली आणि प्रार्थना संपायच्या आत घरी निघून आली.

पाळकसाहेब मागोमाग आले. स्वर्गाच्या आशेच्या चार गोष्टी सांगू लागले.

"साहेब," ती म्हणाली, "तुमी सांगताय ते समदं मला पाठ हाय. पर आता ते घशाखाली उतरत न्हाई. मला थोडं तसंच ऱ्हाऊ द्या."

त्यांनीही शहाणपणा केला. हात जोडले आणि गेले.

मग दुष्काळ आला. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यापर्यंत रानात हिरवं पान राहिलं नाही. ज्यांच्या दारात बैलजोड्या झुलायच्या, त्या घरांतल्या बायकाही सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला आल्या. त्यात मराठ्यांच्या आळीतल्या आप्पासाहेबांची बायको गोजरबाई होती. जिच्या रानात कडूबाईनं वर्षानुवर्षं खुरपलं, ती आता शेजारी बसून हातोडी चालवत होती. पहिल्या दिवशी गोजरबाईची बोटं सोलली, तेव्हा कडूबाईनंच तिच्या बोटांना चिंध्या बांधून दिल्या.

फाल्गुनात गोजरबाईची लेक मनकर्णा नेवाशाकडं सासरी बाळंतपणात दगावली. गोजरबाई काही दिवस कामावर दिसली नाही. मग एका संध्याकाळी ती कडूबाईच्या दारात येऊन उभी राहिली. ख्रिस्ती वस्तीत ती जन्मात कधी आली नव्हती. कडूबाईनं घोंगडी अंथरली. गोजरबाई बसली, पाणी मागितलं आणि तांब्या रिकामा करून खाली ठेवला. शेजारच्या बायका दारांआडून बघत होत्या.

"कडूबाई, एक इचारते. खोटं सांगू नगं."

"इचारा."

"तुमच्यात म्हंत्यात, मेलेली मानसं पुन्हा भेटत्यात. तूच गायचीस की देवळात, मी भिताडाबाहेरनं ऐकलंय. ते खरं हाय, का नुसतं गान्यापुरतं?"

पाळकसाहेबांना टाळता आलं होतं. हिला कसं टाळायचं? हो म्हणावं तर मनाचा धीर नव्हता, नाही म्हणावं तर जीभ वळत नव्हती. आणि समोर बसलेल्या बाईला खोटं सांगणं तिच्या रक्तात नव्हतं.

"आज सांगता यायचं न्हाई मला," ती म्हणाली. "थोडं दीस द्या."

गोजरबाई उठून गेली. कडूबाईला वाटलं, आपण या बाईला उपाशी परत पाठवलं.

त्याच आठवड्यात बातमी आली, की धरणाचं पाणी पार खाली गेलंय आणि जुनं करंजदरं उघडं पडलंय. सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी कडूबाई निघाली. कामावरच्या बायकांकडून ऐकून गोजरबाई माळाच्या टोकाला उभीच होती. "मी बी येते," ती म्हणाली. दोघी उतरल्या.

खाली गाव कसलं, गाळाचं मैदान होतं. गाळ वाळून त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. देवळाचा चौथरा तेवढा ओळखू आला. तिथून वर कुठं मसणवट, कुठं करंज, याचा अंदाज घेत कडूबाई फिरली. गुडघे टेकून हातांनी ढेकळं उचकटली. खाली आणखी गाळ. एक दगड नाही, एक खूण नाही.

"घावंना का गं?" गोजरबाईनं विचारलं.

"न्हाई. हितं कायबी न्हाई."

स्वतःचेच शब्द कानावर पडले आणि कडूबाई तिथंच बसली. पहिल्या ईस्टरच्या पहाटे अशाच बाया येशूच्या कबरीवर गेल्या होत्या. सुगंधी तेल घेऊन, रडून सुजलेल्या डोळ्यांनी. त्यांनाही शोधलेलं काही सापडलं नव्हतं, आणि तो जिवंत उठलाय, ही जगातली सगळ्यांत मोठी आनंदाची बातमी त्यांना तिथंच मिळाली. जन्मभर तिनं ते गायलं होतं. पण त्या बायांचे हात रिकामे होते, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आज तिचेही हात तसेच होते. देव तिला काही नाकारत नव्हता. जिथं माणूस नाही तिथं शोधू नकोस, एवढंच तो सांगत होता. कुदळ घेऊन आलेल्या दिराला तिनं जे सहज सांगितलं होतं, ते खरंच होतं. फक्त तेव्हा त्याची किंमत तिनं मोजली नव्हती.

तारेच्या दिवशी अडवलेलं रडू तेव्हा फुटलं. गोजरबाईनं तिला जवळ घेतलं. दोघी त्या उघड्या गाळावर पोटभर रडल्या. मग कडूबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"गोजरबाई, तुमी इचारलं हुतं. व्हय. खरं हाय. माझा मालक अन् माझा शिलास जित्ते हायेत, अन् मी त्यांना भेटनार हाय."

"अन् माझी मनकर्णा?" गोजरबाईचा आवाज चिरकला. "ती तर तुमच्यातली न्हवती गं."

"त्याचा निवाडा माझ्याकडं न्हाई," कडूबाई म्हणाली. "पर ज्याच्याकडं हाय, त्याला मी वळखते. दोस्ताच्या कबरीपाशी येशू सोता रडला हुता. लेकुरवाळ्या पोरीला तो दारातनं हाकलील, असं मला तरी वाटत न्हाई. तुमी त्याच्याकडंच मागा. मी बी मागीन."

गोजरबाईनं मान हलवली. तेवढ्यावर तिचं समाधान झालं की नाही, कोण जाणे. पण चढण चढताना तिनं कडूबाईचा हात सोडला नाही.

पुढच्या रविवारी ईस्टर होता. पहाटेच्या वाऱ्यात मेणबत्त्या विझत होत्या, पुन्हा लावल्या जात होत्या. जो तो आपापल्या कबरीपाशी गेला. कडूबाई मधल्या वाटेवर, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली. पाळकसाहेब प्रार्थनेला सुरुवात करणार, तोच तिनं सूर लावला. इतक्या दिवसांनी आवाज आधी खरखरला, मग मोकळा झाला आणि माळावर पसरला. तबलजीला ठेका धरायचं भान राहिलं नाही. आसाराम लहान पोरासारखा रडत होता. कुंपणाबाहेर गोजरबाई पदर घेऊन उभी होती, आणि तिच्यामागं आप्पासाहेब, फेटा काढून हातात घेतलेला.

वस्तीत नव्यानंच आलेल्या एका सुनेनं नंतर विचारलं, "आत्याबाई, तुमची मानसं कुठल्या अंगाला निजलीत?"

"लांब लांब निजलीत, बाई," कडूबाई म्हणाली. "पर उठायची एकाच हाकंला."

त्या वर्षापासून कुठल्याही आळीत मयत झाली की कडूबाईला बोलावणं यायचं. ती जायची, शेजारी बसायची, विचारलं तर बोलायची, नाहीतर गप्प राहायची. राहुरीच्या बाजारात कुणी परगावचा माणूस विचारायचा, ती उंच बाई कोण? तेव्हा करंजदऱ्याचा मराठा असो की ख्रिस्ती, आधी हातातली पिशवी खाली ठेवायचा आणि मगच सांगायचा, "ती व्हय? ती आमची कडूबाई."