सासऱ्यांनी दुरुस्त केलेली स्कॉच

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकदाच स्कॉच चाखली, आणि ती करपलेली आहे असा निकाल दिला.

तेव्हा मी गोंदियात एका राइस मिलमध्ये कारकून होतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि बायको नवेगावबांधला माहेरी जाऊन बसली होती. कारण अगदी क्षुल्लक. तिनं रांधलेल्या मासोळीच्या रश्श्याला मी 'बेचव' म्हणालो. (नवेगावच्या तळ्याकाठी वाढलेल्या बाईला हे म्हणायचं नसतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.) दिवाळी गेली, धान कापून झालं, मळून झालं, तरी कौसल्या येईना. सासऱ्यांचा निरोप आला, "जवाईबापूले चव समजन, तवा पोरगी धाडू."

चव! त्याच सुमारास मिलचा नवा बॉयलर बसवायला आलेला स्कॉटलंडचा इंजिनियर परत निघाला आणि जाताना मला एक बाटली देऊन गेला. म्हणाला, "ही मिसळीची नाही, एकाच भट्टीची आहे. फार महागातली नाही, आमच्याकडे शाळामास्तरही पितो. पण चवीचा माणूस हिला ओळखतो." ती कशी प्यायची तेही त्यानं शिकवलं. आधी रंग बघायचा, मग वास घ्यायचा, मग थोडं पाणी घालायचं म्हणजे वास खुलतो, मग घोट जिभेवर घोळवायचा. मी दोन संध्याकाळी तालीम केली. दोन्ही वेळा ठसका लागला, पण चेहरा चवीच्या माणसाचा जमू लागला.

बाटली धोतरात गुंडाळून मी छोट्या रुळाच्या रेल्वेगाडीनं निघालो. स्टेशनावरून पुढे खाचरात, म्हणजे बैलगाडीत, बसलो आणि दर खड्ड्याला बाटली छातीशी धरली. इतकं मी लग्नात कौसल्येलाही जपलं नव्हतं!

मामाजी, म्हणजे माझे सासरे, अंगणात सकाळच्या शेकोटीशी बसले होते. शेजारी त्यांचे मित्र डोमाजी. मोहाच्या दारूची पारख करावी तर डोमाजींनीच, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती होती. कौसल्या दाराआड होती. बांगड्या वाजल्या, पण बाहेर काही आल्या नाहीत.

"मामाजी, खास तुमच्यासाठी आणली. विलायती आहे," मी म्हणालो.

आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कपाळाला हात लावला आणि पितळेच्या वाट्या आणून ठेवल्या. मी बाटली उघडली, वाटीत ओतली, तांब्यातलं पाणी घातलं, आणि वाटी नाकाशी धरून डोळे मिटले. हळूच एक डोळा उघडून पाहिलं. दोघं माझ्याकडे अंगात आलेल्या माणसाकडे बघावं तसे बघत होते.

मामाजींनी आधी दोन थेंब देवाच्या नावानं भुईवर सांडले. मग डोमाजींनी वाटीत काडी बुडवली आणि शेकोटीच्या जाळावर धरली. पहिल्या धारेची मोहाची असती तर निळी भडकली असती. ही 'फुस्स' करून विझली.

"पाणी आहे जी हिच्यात," डोमाजी म्हणाले.

"हव. मीच टाकलं ना आत्ता."

"काऊन?"

"वास खुलतो म्हणून."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दाराआड बांगड्या जरा जास्त वाजल्या.

मग मामाजींनी वास घेतला, एक घोट चाखला आणि त्यांचा चेहरा पडला. "अरे बाप्पा! भट्टी करपली हो! धूर लागून राहिला पुरा!"

"तो धूर मुद्दाम लावतात, मामाजी. तिथं जमिनीतली कुजलेल्या गवताची ढेकळं जाळतात आणि त्या धुरावर जव वाळवतात."

"ढेकळं जाळतेत? कायले? लाकडं नाहीत त्यायच्या मुलखात?"

"नसतील."

"अरेरे! आपण जंगलातून मोळ्या आणून राहिलो, अन् ते बिचारे चिखल जाळून राहिले!"

मी शेवटचा पत्ता टाकला. "आणि ही बारा वर्षं लाकडी पिंपात ठेवलेली आहे."

"बारा वर्षं!" डोमाजी हळहळले. "बारा वर्षं खपली नाही, अन् शेवटी तुमाले दिली!"

मामाजी मात्र दिलदार माणूस. जावयानं एवढ्या लांबून आणलेली वस्तू फेकायची कशी? ते उठले. "बसा जवाईबापू. नीट करून देतो." मागच्या वाडीत चूल पेटली. मडकं चढलं, भिजवलेला मोह आत गेला, आणि त्यावर माझी बाटली शेवटच्या थेंबापर्यंत उपडी झाली! बांबूची नळी बसली, सांधे मातीनं लिंपले. (कायदा काय म्हणतो ते मला विचारू नका. मी तिथं जावई होतो.)  बाटलीसाठी भांडावं तर बायको जाते, आणि बायको अजून दारातच होती. मी चुलीत लाकडं सारली.

दिवस कलायच्या आत धार पडली. डोमाजींनी काडी बुडवली, जाळावर धरली, आणि भक्कन निळी ज्योत उठली.

"आता झाली दारू!" मामाजी गरजले.

मी प्यायलो. निव्वळ मोह. स्कॉटलंडचा मागमूसही नव्हता. "वा! आता चव आली!" मी म्हणालो, आणि डोळ्यांतलं पाणी पुसलं. ते कोणत्या कारणानं आलं होतं हे कोणी विचारलं नाही.

मग मी धीर केला. "मामाजी, कौसल्येचं काय?"

त्यांनी नुसतं एक लाकूड चुलीत सारलं. मला वाटलं, संपलं! बाटलीही गेली आणि बायकोही गेली.

"वहिनी जी," त्यांच्याऐवजी डोमाजींनीच आत हाक दिली, "पोरीची पेटी बांधा."

मामाजींनी मान हलवली. "हव, बांधा. करपलेली दारू याले कोणीही देते, अन् हा आणखी तिच्यात स्वतःच्या हातानं पाणी टाकते. असा माणूस एकटा ठेवणं बरं नाही. उद्या तळ्याचं पाणी याले कोणी रॉकेल म्हणून विकन!"

कौसल्या पदर तोंडाला लावून बाहेर आली. इतके दिवस रुसलेली बाई हसून हसून लाल झाली होती. "चला जी," म्हणाली, "गाडी चुकन. तिकीट मीच काढते."

मला भारी आनंद झाला. खोटं कशाला सांगू? लोकांच्या बायका नवऱ्याची आठवण येते म्हणून परत येतात. माझी देखरेखीवर नेमणूक होऊन आली, आणि काम संपत नसल्यामुळे तिची अजून बदली झालेली नाही!