कुरुंद्याच्या बाई

बाईंच्या डाव्या हाताच्या कोपराशी कायम एक निळसर डाग असायचा. प्रयोगशाळेत शिकायला आलेल्या प्रत्येकानं पहिलं रक्त बाईंचंच काढायचं, असा त्यांचा नियम होता. पेशंटचा हात शिकण्यासाठी नसतो, असं त्या म्हणत. माझ्या वेळी सुई शिरेत जाईना. मी घाबरून हात मागं घेतला, तर खिडकीबाहेर बघत बाई म्हणाल्या, "टोच पोरी. काहून थांबलीस? माझा हात काय पळून जाऊन राहिला का?"

हिंगोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नांदेडहून मायक्रोबायॉलॉजीची पदवी घेऊन मी तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत प्रशिक्षणार्थी म्हणून लागले होते. बाई तिथल्या प्रमुख. जिल्ह्यातल्याच गोरेगावपलीकडच्या आमच्या बंजारा तांड्यावर एवढी शिकलेली मुलगी दुसरी नव्हती. या गोष्टीचा ज्याला सगळ्यात जास्त आनंद झाला असता तो माझा बाप त्याच उन्हाळ्यात गेला. शेतातून आला, पाणी मागितलं आणि ते आणेपर्यंत ओट्यावर आडवा झाला. मी रुजू झाले तेव्हा मला दुःखही होत नव्हतं. सकाळी पांढरा कोट चढवायचा, काचपट्ट्या रंगवायच्या, संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर येऊन भिंतीकडे बघत बसायचं. दिवस जात होते.

बाकीच्यांनी सांत्वन केलं. बाईंनी नाही केलं. त्यांनी मला थुंकीच्या काचपट्ट्या दिल्या. क्षयरोगाचे जंतू बारीक, लाल काड्यांसारखे दिसतात. ते शोधताना दुसरा विचार करता येत नाही. ट्रेमधल्या नमुन्यांना बाई नमुने म्हणत नसत. "अजून किती माणसं राहिली?" असं विचारायच्या. एखाद्या बाटलीचं झाकण मी नीट लावलं नाही की म्हणायच्या, "त्या माणसाला उघड्यावर काहून ठेवलंस?" मला सुरुवातीला ते विचित्र वाटे. नंतर मीही तसंच बोलू लागले.

त्याच पावसाळ्यात एका तांड्यावर हगवण-उलट्यांची साथ आल्याचा निरोप आला. बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "तुझ्याच तांड्याचं हाय. येतीस का इथंच थांबतीस?"

"येते," मी म्हणाले.

शाळेच्या व्हरांड्यात माणसं ओळीनं झोपवली होती, खिडकीच्या गजांना सलाईनच्या बाटल्या बांधल्या होत्या. आदल्या दिवशी एक लेकरू दगावलं होतं. त्याची आई मला ओळखत होती, पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. बाईंनी हातपंपाचं आणि विहिरीचं पाणी तपासणीच्या बाटल्यांत भरून घेतलं. त्या आम्ही प्रयोगशाळेत आणून ठेवल्या. पाणी दूषित असलं की ती बाटली एक-दोन दिवसांत काळी पडते. हातपंपाची बाटली तशीच राहिली. विहिरीची काळी पडली.

ती विहीर माझ्या बापानं खोदली होती. आमच्याच शेतात, खडक फोडून. आणि पाणी लागलं तेव्हा सगळ्या तांड्याला मोकळी केली होती. बाईंनी ती बाटली उजेडात धरली, मग माझ्याकडे पाहिलं. "कोण सांगन? मी सांगू?"

"मीच सांगते."

आम्ही परत तांड्यावर गेलो. विहिरीपाशी लोक जमले. मी सांगितलं, की हे पाणी कोणी प्यायचं नाही. तांड्याचे नायक म्हणजे म्हातारे, मानाचे गृहस्थ. ते शांतपणे म्हणाले, "तुझ्या बापानं जीव लावून काढली ही. त्याला जाऊन पाऊसकाळ सरला न्हाई, अन् आज तूच तिला घाण म्हणून राहिली?" माझी याडी, म्हणजे आई, बायकांमध्ये उभी होती. तिच्या कडेवर भरलेली घागर होती.

बाई विहिरीच्या कठड्यावर बसल्या. "नायक, वरच्या अंगाला गोठे हायत. पावसात तिथली घाण झिरपून आत उतरली. त्यात खोदणाऱ्याचा काय कसूर?" मग माझ्याकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "विहीर बिघडली पोरी. तुझा बाप न्हाई बिघडला."

याडी पुढे आली आणि तिनं घागर दगडांवर उपडी केली. पाणी माझ्या चपलांखालून वाहत गेलं. तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. मला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. बाई म्हणाल्या, "चल, पावडर कालव." मी बादलीत ब्लिचिंग पावडर कालवत बसले.

विहीर उपसली, कठडा उंच केला, गोठे हलवले. साथ थांबली. पुन्हा कोणी दगावलं नाही.

मी त्याच प्रयोगशाळेत कायम झाले. काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या गावी, कुरुंद्याला, शेती बघू लागल्या. एकदा हळद शिजवायच्या दिवसांत मी गेले होते. डोक्याला फडकं बांधून त्या कढईच्या वाफेत उभ्या होत्या. प्रयोगशाळेचं त्यांनी काही विचारलं नाही. याडीचं विचारलं.

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सूक्ष्मदर्शकावर होते. हातातली काचपट्टी पुरी करून निघाले. पोहोचले तोवर अंत्यसंस्कार आणि बुद्धवंदना आटोपून माणसं पांगली होती. अंगणात हळद वाळत होती. बाईंच्या सुनेनं चहा दिला. "तुमी दवाखान्यातल्या का? कामाचं आत्याबाई घरी कधी बोलल्याच न्हाईत." माझं नावही तिनं ऐकलेलं नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं. मी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि मिळेल ती बस धरली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं विचारलं, "काल कुठं होत्या, मॅडम?"

"गावाला गेले होते," मी म्हणाले.

त्याला वाटलं, तांड्यावर. मी तसंच राहू दिलं.