रंभाआत्याचं आखूड पातं

माझी रंभाआत्या मनात अढी धरायची ती लोणच्यासारखी मुरवायची. सावनेरजवळच्या आमच्या गावात तिचं दीड एकर गवताचं कुरण होतं आणि त्यावर तिच्या चार म्हशी जगत. शेजारचं मोठं कुरण रुपरावाचं.

आत्याचे यजमान, आमचे मामंजी, गेले त्या वर्षी दसऱ्यानंतर गवत पिकलं आणि रुपरावानं गावातले सगळे कापणारे स्वतःकडे ओढून नेले. आत्या त्याच्या दारात गेली. तो म्हणाला, "पहिले माह्यं कापू लाग, मग तुह्याकडे माणसं धाडतो." तेरावं होऊन आठ दिवस झाले नव्हते. तिनं चार दिवस त्याचं गवत कापलं. गवतात झाकलेल्या वारुळांवर आपटून तिच्या विळ्याचे दात पडले. नागपंचमीला पुजलेली वारुळं, ती कोण फोडणार? रुपराव छत्री धरून बांधावर उभा असायचा, विळा त्यानं जन्मात धरला नव्हता. माणसं त्यानं धाडलीच नाहीत. आत्याचं गवत उभ्यानं वाळून काडी झालं आणि उन्हाळ्यात दोन म्हशी मेल्या. अशा माणसाची मला आजही दया येत नाही.

पुढे अठ्ठ्याहत्तर साली आत्यानं छोटा ट्रॅक्टर घेतला आणि आम्ही त्याला लावायचं गवत कापायचं यंत्र बघायला नागपूरला गेलो. दुकानदार पाच फुटी पात्याचं गळ्यात मारू पाहत होता. ते जमिनीलगत सरसर चालायचं. आत्यानं निवडलं तीन फुटी, खटका ओढला की पातं वर उचललं जाणारं. मी म्हटलं, यानं वेळ जास्त लागेल. ती म्हणाली, "लागू दे."

रुपराव यंत्र बघायला आला. त्याच्याकडेही ट्रॅक्टर होता.

"काहून वं रंभाबाई, एवढंसं घेतलं?"

"बाईमाणसाले एवढंच झेपते, भाऊ. तुमच्यासारख्याले पाच फुटीच शोभते."

मी आत्याकडे बघत राहिले. ती अगदी गोड हसत होती.

आठवड्यात त्यानं पाच फुटी आणलं. कापणाऱ्यांना त्यानं तोऱ्यात सांगितलं, यंदा तुमची गरज नाही. ते गेले कुही तालुक्यात धानाच्या कापणीला. पहिल्याच सकाळी पातं वारुळात घुसलं, वाकलं, दात तुटून उडाले. दुरुस्तीला पंधरा दिवस लागणार होते आणि गवत तर उद्या-परवा काडी होणार.

संध्याकाळी तो आमच्या अंगणात उभा राहिला. "रंभाबाई, तुह्यं यंत्र दोन दिवस दे वं."

"पहिले माह्यं," आत्या म्हणाली. "मग तुह्यं."

तिचं गवत कालच कापून झालं होतं, गंजी त्याच्यासमोरच रचलेली होती. ती आत गेली आणि तोच दात पडलेला विळा आणून तिनं त्याच्या हातात दिला.

"जपून काप, भाऊ. सात वारुळं आहेत. म्या तवाच मोजून ठेवली होती."