निघून चाललेली होडी

मी दगडू, ठाकुर्लीत दुकानांचे बोर्ड रंगवतो. फ्लेक्स आल्यापासून तेही कमीच. हातात ब्रश धरायला शिकवलं ते शाळेतल्या त्र्यंबक सरांनी, आणि त्यांच्याच बाबतीत मी शेण खाल्लं. सांगायचीही लाज वाटते.

सरांनी आयुष्यभर मुलांची चित्रं तपासली. स्वतःचं म्हणावं असं एकच काढलं, त्यांच्या पत्नी शुभदाबाई गेल्या त्या वर्षी. बाईंच्या कोकणातल्या माहेरचा समुद्र, ओहोटीचा. क्षितिज पार वर, खाली चित्रभर नुसती ओली, राखाडी वाळू, आणि वर डाव्या कडेला पाण्यात पाठमोरी एक बारकी होडी. मी विचारलेलं, "सर, एवढी जागा मोकळी का सोडली?"

"घर असंच झालंय रे," ते म्हणाले. "आणि होडी मध्ये काढली असती तर थांबल्यासारखी वाटली असती. ती थांबलेली नाही."

पुढे सरांचे हात कापायला लागले. चहाचा कप धरवेना, ब्रश तर सोडाच. दिवसभर खुर्चीत बसायचे, समोर ते चित्र.

गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा सलिल ते घेऊन माझ्याकडे आला. वास्तुवाल्याने सांगितलेलं, आजारी माणसासमोर बाहेर जाणारी होडी नको, घरात येणारी पाहिजे. "जरा प्रसन्न कर रे. बाबांना फ्रेम बदलतोय असं सांगितलंय. वाढदिवसाला सरप्राइज." बापावर त्याचा जीव आहे, खोटं कशाला बोलू. पण मला तर ठाऊक होतं ना त्या वाळूत काय आहे ते. तरी बसलो. सरांच्या चित्रावर आपला हात फिरणार म्हणून उलट फुशारलो. मधोमध मोठी होडी, आपल्याकडे येणारी. बाजूला माड. मागे उगवता सूर्य. कोकणात सूर्य समुद्रातून उगवत नाही, तेवढंही भान राहिलं नाही. मोकळी जागा म्हणून ठेवली नाही.

वाढदिवसाला चित्र भिंतीवर लागलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर बघत राहिले. मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "दगडू, वरचा रंग निघेल का रे?"

"नाही सर. खालचंही जाईल."

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तिकडे सलिल केक कापायला बोलावत होता.

"मग माझी खुर्ची तेवढी फिरव," सर म्हणाले.

मी फिरवली.