कोटवडीचा महोत्सव आणि राहीबाईचं जाणं

कोटवडीत उद्या काय होणार आहे हे इलाही मुलाणी सांगायचा, आणि ते किती भिकार होणार आहे हेही तोच सांगायचा. बाप दवंडी पिटायचा, पोराच्या हातात माईक आला, एवढाच काय तो फरक. ग्रामपंचायतीच्या पत्र्याखाली इलाहीची खुर्ची, आणि गावाच्या जुन्या वेशीवर बांधलेले दोन कर्णे. संध्याकाळी गुरं घरी आली की तो माईकवर फुंकर मारायचा, घसा साफ करायचा आणि सुरू व्हायचा.

"आयका. उद्या दुपारी देवळात हळदी-कुंकू हाय. पुढाऱ्याचा फोटो लावलेलं डबं वाटणार हायेत. मागल्या साली वाटलं त्याचं झाकण बसत न्हाई, फोटो मातुर घासून निघत न्हाई. ज्यांना पायजे त्यांनी जावं. परवा रक्तदान हाय. रक्त गावानं द्यायचं, सत्कार पावण्यांचा हुणार. रविवारी क्रिकेटच्या म्याची हायेत, बक्षीस बोकड. शाळंची भित पडलीय, ती तशीच हाय."

लोक टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकायचे आणि पोट धरून हसायचे. ज्याच्यावर टोमणा असायचा तोही हसायचा, कारण तो दुसऱ्यावरच आहे अशी त्याची खात्री असायची. कोडगेपणाला औषध नाही. इलाहीला वाटायचं आपण गावाला चाबकानं फोडतोय, आणि गाव मात्र गुदगुल्या झाल्यासारखं खिदळायचं.

उलटून बोलायची ती एकटी राहीबाई. तिचं घर वेशीला लागून, म्हणजे कर्ण्याच्या तोंडालाच. मेथी-शेपूच्या जुड्या विकून जगलेली बाई, मागं-पुढं कोणी नाही, पुण्यात एक भाचा तेवढा. घोषणा संपली की ती झाडू घेऊन अंगणात यायची. "मुडद्या, ह्या गावाचं खाऊन मोटा झालास आन गावालाच चावतोस व्हय? घसा बसू दे तुजा!" इलाही ते ऐकायचा आणि माईकवर सांगायचा, "राहीबाईचा आशीर्वाद मिळालेला हाय. आजचा कार्यक्रम संपला." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या उंबऱ्यावर मेथीची जुडी असायची. "शाहजादीला दिलीया," राहीबाई त्याच्या बायकोचं नाव घेऊन बजावायची, "तुला न्हाई. तू गिळलास तर पोटात दुखंल."

आता या गावाची एक रीत सांगायला पाहिजे. गाव जुनं. कोटाचे चार दगड आणि ती वेस सोडली तर जुनेपण दाखवायला काही उरलेलं नाही, पण रीत उरली होती. गावात कोणीही मरो, पाटील मरो नाहीतर भिकारी, इलाहीनं वेशीखाली उभं राहून म्हणायचं, "गाव बंद." मग चूल पेटत नाही, दुकान उघडत नाही, वाजंत्री वाजत नाही. माणूस जाळून नाहीतर पुरून सगळे माघारी आले की त्यानंच म्हणायचं, "गाव मोकळं." मग घराघरात धूर निघतो. सगळ्या गावावर थुंकणारा इलाही या एका रीतीपुढं मान लववायचा. या दोन शब्दांना त्यानं कधी तिसरा शब्द जोडला नाही.

तर त्या वर्षी जयराजनं वारसा महोत्सव काढला. गावची सरपंच त्याची बायको मयूरी. पण मयूरी फ्लेक्सवर असायची आणि जयराज खुर्चीत. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेचे अध्यक्ष चांगल्या शे-पन्नास शहरी माणसांना घेऊन येणार होते. त्यांना गाव आवडलं की दर महिन्याला बस येणार, गावाचं सोनं होणार, वगैरे. बैलगाडीची सफर ठेवली होती. गावात बैल नव्हते, ते आष्ट्याकडून टेम्पोत घालून आणले. नऊवारीची स्पर्धा होती, आणि नऊवारी शिवून आणल्या होत्या, चेन लावलेल्या.

"चाचा," जयराजनं आधीच दम भरला होता, "लिवलंय तेवडंच वाचायचं. एक वाकडा शबूद गेला तर माईक काढून घीन."

इलाहीनं लिहिलेलं वाचलं, पण असल्या आवाजात वाचलं की लोक त्यालाही हसले.

आणि महोत्सवाच्या दिवशी पहाटे राहीबाई गेली. शेजारची हरणाबाई दूध द्यायला गेली तर म्हातारी भिंतीकडं तोंड करून गार पडलेली. इलाही धावत गेला. म्हातारीला बघितलं. मग त्यानं तोंड धुतलं, टोपी घातली, वेशीखाली गेला आणि म्हणाला, "गाव बंद."

गाव खरंच बंद झालं. मांडवातली सनई गप झाली. इलाहीला वाटलं, आता जयराज येणार, शिव्या देणार, आणि त्यासाठी तो कंबर कसून बसला होता. जयराज आला तो डोळ्याला रुमाल लावून. राहीबाईच्या पायाशी बसला, हात जोडले. आणि बसल्या बसल्या त्याचा चेहरा उजळला.

"चाचा, काय म्हंतो मी. पावनं दहाला येत्यात. मैत तवाच काढू की. त्यास्नीबी दिसू दे आपल्या गावची रीत. असलं कुटं बघाय मिळतंय?"

इलाहीच्या डोक्यात तिडीक गेली. "आरं, माणूस मेलंय रं! तमाशा हाय का ह्यो?"

"तसं न्हवं. म्हातारीला कोन हाय? आत्ता काढली तर चार माणसं येत्याल. दहाला सगळं गाव असंल मागं. मोटमोटी पावनी हात जोडत्याल. तुमीच बगा."

भाच्याचा फोन लागला होता. तो म्हणाला, माझी मीटिंग आहे, तुम्ही बघून घ्या.

सगळं गाव मागं. हे ऐकून इलाही ढिला पडला. त्याला दुसरं काही नको होतं. ही बाई जन्मभर एकटी राहिली, निदान जाताना तरी सगळी कोटवडी तिच्या मागं चालावी, एवढंच. स्वतःचाच राग येत असताना त्यानं मान डोलावली.

पाहुण्यांचं दहा कसलं वाजतंय! आधी फोन आला, घाटात चहा घेतोय. मग साताऱ्याच्या अलीकडं फोटो काढतोय. मग रस्ता चुकलोय. तिकडं शाहजादी आणि हरणाबाईनं म्हातारीला न्हाऊ घालून, लुगडं नेसवून तयार ठेवलेलं. ऊन चढलं. माश्या बसायला लागल्या. लोक अंगणातून एकेक करून मांडवाकडं सरकले, कारण तिथं सावली होती. रीत मोडू नये म्हणून जयराजनं जेवणाच्या चुली शिवेच्या ओढ्यापलीकडं मांडल्या होत्या. बंद गावाचा, ओढा गावाबाहेर! मटणाचा वास मात्र शीव मानत नव्हता, तो थेट राहीबाईच्या अंगणात येत होता.

शाहजादी पदरानं वारा घालत होती. ती थांबली. "आवं, जितेपनी ही बाई कुनाच्या दारात खोळंबली न्हाई. आता का ठेवलीय तिला ताटकळत?"

इलाही उठला. "उचला," म्हणाला.

उचलायला होतं कोण? आळीतल्या अर्जुनाला हाक मारली. त्याची आई दवाखान्यात होती तेव्हा हाच अर्जुना राहीबाईच्या ताटात जेवला होता. तो फेटा बांधून पाहुण्यांसाठी उभारलेल्या कमानीखाली उभा होता. "आलूच चाचा, पावन्यांचं औक्षण झालं की आलूच." आला नाही मेला. शेवटी इलाही, त्याचा पोरगा शोएब, पोस्टातून निवृत्त झालेले तात्या आणि वाटेनं निघालेला एक ऊसतोडीचा मुकादम, असे खांदे भरले. हरणाबाई आणि शाहजादी मागं चालल्या. अग्नी तात्यांनी दिला. "सगळं गाव येनार हुतं," इलाही चितेकडं बघत म्हणाला.

माघारी येऊन वेशीखाली दोन शब्द म्हणावेत आणि घर गाठावं, म्हणून इलाही निघाला. वेशीपाशी बघतो तर ही गर्दी! पाहुणे आले होते. आणि गर्दीच्या मधोमध एक तिरडी येत होती. पांढरं कापड, झेंडूच्या माळा, गुलाल. पुढं अर्जुना हातात मडकं धरून धाय मोकलून रडत होता. मागं चेनच्या नऊवारीतल्या बाया ऊर बडवत होत्या. त्यांच्या मागं पोरंटोरं, म्हातारे, दुकानदार, भजनी मंडळ, अख्खी कोटवडी. वाऱ्यानं कापडाचं टोक उडालं तर आतून पेंढा दिसला.

इलाही जागच्या जागी उभा राहिला. जसं पाहिजे होतं तसंच सगळं गाव चाललं होतं, पेंढ्याच्या मागं.

पाहुणे मोबाईल उंच धरून चित्रण करत होते. अध्यक्षांनी चप्पल काढून हात जोडले होते. जयराज घाईनं आला आणि त्यानं इलाहीच्या हातात बिनवायरचा माईक कोंबला. "चाचा, ब्येस टायमाला आलासा. निसतं गाव मोकळं म्हना. मटान गार व्हाय लागलंय."

इलाहीनं माईक तोंडाला लावला.

"पावन्यांनू, आयका. तुमी ज्याला हात जोडलं त्यो पेंढा हाय. बैलांसाठी आनलेला. बैलबी भाड्याचं हायेत. ज्या बाईसाठी ह्यो अर्जुना रडतोय तिला आमी मगाशीच जाळून आलो. तवा ह्याला खांद्याला बोलीवला तर ह्याला फेटा बांधायचा हुता. ह्या बाया रडत्यात, त्यांतल्या एकीनंबी तिच्या तोंडात पानी घातलं न्हाई. गाव कसलं बंद आन कसलं मोकळं! हितं मेल्याली माणसं उभी हायेत आन जिती हुती ती बाई गेली. जावा, वड्यापल्याड ताटं मांडल्यात. लाज वाटत नसंल तर जेवा."

मग अध्यक्षांनी टाळी वाजवली. त्यांच्या मागोमाग शे-पन्नास टाळ्या. "वा! काय लोकनाट्य आहे! काय उपरोध!" अध्यक्ष डोळे पुसत होते, हसून हसून पाणी आलं होतं त्यांना. आणि पाहुणे हसतात म्हटल्यावर गावही हसायला लागलं. बाया पदर तोंडाला लावून फिदीफिदी, अर्जुना मडकं खाली ठेवून खो-खो. अध्यक्षांनी दुसऱ्या कुणासाठी आणलेली शाल इलाहीच्या अंगावर घातली आणि हातात नारळ दिला.

जयराजचा चेहरा आधी पांढराफटक पडला होता. त्याला आता रंग चढला. तो इलाहीच्या कानाशी लागला. "चाचा, मानलं गड्या तुमाला. फुडल्या साली आसंच ठेवायचं. शबूद बदलायचा न्हाई."

इलाहीनं शाल काढली. नारळ तिच्यावर ठेवला आणि दोन्ही तिरडीवरच्या पेंढ्यावर ठेवून दिलं. माईक अजून चालू होता. त्यानं तो पुन्हा तोंडाजवळ नेला.

"परवा सकाळी राहीबाईची राख सावडायची हाय. ज्यांना यायचं त्यांनी यावं," तो म्हणाला आणि थांबला. बोलायचं काही उरलंच नव्हतं. आणि आता टोमणा येणार, आता येणार, म्हणून सगळी कोटवडी हसायच्या तयारीत तोंड उघडं ठेवून त्याच्याकडं बघत होती.